दहा सप्टेंबरची नोंद

‘आला का गं?’ आप्पांनी विचारलं.

‘नाही, आप्पा.’

‘पल्याडच्या दगडावर बघ. शेपूट हलती का कुठं?’

‘खंड्या बसलाय एक. बाकी कुणी नाही.’

‘खंड्या काय, इथलाच,’ म्हणून त्यांनी पुन्हा ओढ्याकडं तोंड केलं.

सकाळचे सात वाजत होते. ओढ्यावरच्या फरशीपुलाच्या टोकाला आम्ही बापलेक एकाच गोणपाटावर बसलो होतो. साल शहाण्णव, सप्टेंबरचा पहिला आठवडा. डोंगरातला पाऊस ओसरत आला होता, पण झाडं अजून ठिबकत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आप्पा ओढ्याकडं बघताहेत. खरं म्हणजे ते ऐकत होते. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजव्यात काचबिंदूच्या जोडीला मोतीबिंदूही असल्यानं दाट धुक्यात दिसावं तेवढंच दिसायचं. पाण्यावरची चकाकी कळायची, माणूस उभा आहे हे कळायचं. चिमणीपेक्षा जरासा मोठा पक्षी कळणं शक्य नव्हतं. म्हणून मी शेजारी.

वाट बघत होतो ती करड्या धोब्याची. पाठ राखी, पोट पिवळं, आणि लांब शेपूट सारखी वरखाली, दगडावर धुणं आपटल्यासारखी. उन्हाळाभर तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडं असतो. तिकडं गारठा सुरू झाला की निघतो आणि सप्टेंबरात आमच्या कारवंडीच्या ओढ्यावर उतरतो.

आप्पा, म्हणजे दौलत सपकाळ, पाटबंधारे खात्यात पाऊस मोजायला होते. गावामागच्या टेकाडावर खात्याचं पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. धो धो पावसात बरेच जण घरात बसून अंदाजानं आकडा टाकायचे. आप्पा एकदा तापानं फणफणले असताना आईच्या खांद्यावर हात टाकून टेकाड चढले होते. एकाच दिवशी त्यांना चढता आलं नाही, ओढा दुथडी भरून वाट बुडाली होती. त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी ‘पाहिले नाही’ असं लिहिलं. साहेब चिडले, शेजारच्या केंद्राचा आकडा बघून भरून टाका म्हणाले. आप्पांनी भरला नाही.

ती वही बघूनच सांगलीच्या रेगे बाईंनी त्यांना गाठलं होतं. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. धोबी घाटमाथ्यावरून कसा खाली खाली सरकतो हे त्यांना शोधायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी इगतपुरीपासून आंबोलीपर्यंत दीडशे माणसं जोडली होती. कुणी शिक्षक, कुणी वनरक्षक, एक एसटीचा कंडक्टर, एक गुरव. पहिला धोबी दिसला की बाईंना पोस्टकार्ड टाकायचं, गाव, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचं नाव लिहून. बस्स, एवढंच काम. डिसेंबरात बाई सगळ्या तारखा नकाशावर मांडून प्रत्येकाला एकेक प्रत धाडायच्या. आमच्या घरात देवांच्या तसबिरींच्या शेजारी एका खिळ्याला ते नकाशे अडकवलेले होते. एकोणीस वर्षांचे एकोणीस. आप्पांचं कार्ड एकदाही चुकलं नव्हतं.

मी पुण्यात एका विमा कचेरीत टायपिस्ट होते. आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. आप्पा गावी एकटे, शेजारच्या हौसाबाई दोन भाकऱ्या थापून द्यायच्या. ऑगस्टात मी त्यांना पुण्याला आणून डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बारा सप्टेंबर ही तारीख दिली. ती चुकली तर पुढची सहा आठवड्यांनी मिळेल, आणि हा डोळा सहा आठवडे थांबेल असं मी सांगू शकत नाही, असंही बजावलं. ‘तर मग जरा घरचं आवरून येतो,’ म्हणून आप्पा गावी गेले ते परत येईनात. शेवटी रजा टाकून चार तारखेला मीच आणायला गेले. पत्र्याची पेटी भरून तयार होती, पण माणूस निघायला तयार नव्हता.

धोबी आला की निघू, म्हणाले.

तो यायचा चौदा ते बावीसच्या दरम्यान. फार तर एखाद्या वर्षी अकराला. मी बारा तारखेचं पुन्हा समजावलं. हौसाबाई बघतील म्हटलं. रेगे बाईंना मी स्वतः लिहीन, त्या समजून घेतील म्हटलं. एक वर्ष कार्ड गेलं नाही तर काय आभाळ कोसळणार आहे, असंही बोलून बसले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, ‘अगं, एवढ्या लांबनं येतो त्यो. घरी कुणी नको का?’

त्याच्या आधीच्या वर्षभरात मी घरी तीनदा गेले होते. ते वाक्य मला तेव्हा लागलं का, हे आता सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांपुढं फक्त बारा तारीख होती.

तरी त्या सकाळी वाईट नव्हत्या. मी सात-आठ वर्षांची असताना आप्पा मला खांद्यावर बसवून याच फरशीवर आणायचे, त्यानंतर आम्ही असे एकत्र कधी बसलो नव्हतो. आता उलट झालं होतं. मी सांगायची आणि ते बघायचे. पाणी कालच्यापेक्षा वीतभर उतरलंय, उंबराखालचा दगड उघडा पडलाय, शेवाळावर चतुर बसलाय. ते मान हलवत ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, चतुर तांबडा का निळा? मग धोब्याच्या आवाजाची उजळणी. उडताना दोनदा ओरडतो, चिट्-चिट्, पातेल्यावर सुई मारल्यासारखा. पाण्याच्या खळखळाटातसुद्धा वेगळा कळतो. परत येताना ते माझं मनगट धरायचे. वाटेत कुणी भेटलं की सांगायचे, शालन आलीय, दोघं मिळून बघतोय. त्या ‘दोघं मिळून’मध्ये त्यांना केवढं सुख होतं ते मला ऐकू येत होतं.

असे पाच दिवस गेले. दहा तारीख उजाडली. अकराला दवाखान्यात भरती व्हायचं, म्हणजे त्या दिवशीची साडेदहाची एसटी गाठायलाच हवी होती. आम्ही सहालाच फरशीवर जाऊन बसलो. सात वाजले, साडेसात झाले. दोन भोरड्या उडत गेल्या, खंड्या येऊन गेला.

‘आला का गं?’

उंबराखालचा दगड ओला होता आणि त्यावर कुणीही नव्हतं.

‘आला,’ मी म्हटलं.

आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.  मग प्रश्नांवर प्रश्न. कोणत्या दगडावर? तोंड कुणीकडं? गळा काळा का पांढरा? मी एकेक सांगत गेले. उंबराखालच्या. वरच्या अंगाला. गळा पांढरा, पोट फिकं पिवळं. त्यांनीच मला शिकवलेलं मी त्यांनाच परत देत होते, त्यामुळं काही अडलं नाही.

‘आवाज न्हाई दिला त्यानं?’

‘चालत आला, आप्पा. कडेकडेनं.’

‘आज बिनबोभाट आला म्हणायचा,’ असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. नंतर चांगली पंधरा-वीस मिनिटं ते त्या दगडाच्या दिशेनं बघत, गालात हसत बसून राहिले. मी घड्याळ बघत होते. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, आणि ‘उडाला’ म्हणायचाही धीर होईना. अखेर तेच उठले. ‘चल. त्याला खाऊ दे निवांत, दमून आला असंल.’

घरी येऊन त्यांनी कार्ड सांगितलं, मी लिहिलं. दहा सप्टेंबर, सकाळी सात पस्तीस. पाहणारी, शालन दौलत सपकाळ. खाली महिन्याभरासाठीचा माझा पुण्याचा पत्ता. स्टँडवरच्या पेटीत मीच ते टाकलं आणि आम्ही एसटीत चढलो.

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर मला म्हणाले की अजून महिनाभर गेला असता तर यातलं काही वाचलं नसतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. खोटं बोलल्याची बोच नव्हती असं नाही, पण डोळ्यापुढं ते एवढंसं वाटत होतं. तपासणीसाठी आप्पांना महिनाभर माझ्या खोलीवरच ठेवलं होतं. काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, वाचायला बंदी. संध्याकाळी कचेरीतून आले की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रेगे बाईंचं पत्र आलं. पाकीट उघडताना मला वाटलं, प्रकृतीची चौकशी असेल. पहिल्या चार ओळी डोळ्यांखालून गेल्या आणि मी तिथंच थबकले. आप्पा कॉटवर बसले होते. ‘कुणाचं गं?’ त्यांनी विचारलं. कचेरीतलं आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी मला पाकीट उघडताना ऐकलं होतं, आणि का कुणास ठाऊक, दुसऱ्यांदा जीभ वळली नाही. मी वाचून दाखवलं.

बाईंनी लिहिलं होतं की यंदा धोबी सगळीकडं उशिरा आहे, इगतपुरीलासुद्धा अठराच्या आधी दिसलेला नाही, आणि कारवंडी तर किती खाली. दहा तारखेची आपली नोंद खरी असेल तर मोठीच गोष्ट आहे, मला सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागेल. तेव्हा तो बारमाही राहणारा काळा-पांढरा धोबी तर नव्हता ना, आणि आणखी कुणी पाहिला होता का, एवढं कळवावं. शेवटी लिहिलं होतं, आपल्या एकोणीस वर्षांच्या नोंदींवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच निःसंकोच विचारते.

आप्पा खूश झाले. ‘बाई बरोबर इचारत्यात. इचारायलाच पायजे. घे, लिही.’

मी पॅड घेऊन बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. लिहिताना ते नेहमी पुस्तकी बोलायचे.

‘पोट पिवळे, गळा पांढरा, पाठ राखी. काळा-पांढरा धोबी नव्हे. पाहणारी माझी मुलगी शालन. तिला लहानपणापासून या पक्ष्याची ओळख आहे. दुसरा साक्षीदार नाही. तिच्या नजरेची हमी मी घेतो. माझ्या एकोणीस कार्डांवर आपला विश्वास असेल, तर हे विसावेही…’

माझं पेन थांबलं.

‘लिहिलंस?’

‘आप्पा, तो आला नव्हता.’

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. आप्पांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

‘म्हंजे दुसरं काय हुतं तिथं?’

‘काहीच नव्हतं. दगड नुसता होता.’

‘आणि मी बसलो हुतो बघत.’

मी भडाभडा बोलायला लागले. तारीख चुकली असती, डॉक्टर काय म्हणाले, जिन्यात काय म्हणाले, तुम्ही ऐकतच नव्हता, मी दुसरं काय करणार होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘डोळा तुझ्यामुळं ऱ्हायला. ते बी खरंच हाय,’ ते म्हणाले. ‘ते ठेव. कार्ड घे.’

त्यांनी नवा मजकूर सांगितला. दहा सप्टेंबरची नोंद रद्द करावी. मी लिहिलं, माझ्या चुकीमुळे. ते त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. ‘चूक न्हवं. चूक म्हंजे चुकून झालेली. नोंद खोटी हाय असं लिही.’ मी लिहिलं. त्याखाली त्यांनी सांगितलं, यंदा कारवंडीस पाहिले नाही. मग कार्ड मागून घेतलं, बोटांनी कड चाचपली आणि चष्म्याआडून अंदाजानं सही केली. सही तिरकी होऊन माझ्या अक्षरांवर चढली.

ते मला रागावले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गावात परतल्यावर तर ज्याला त्याला सांगत सुटले की लेकीनं डोळा वाचवला. डिसेंबरात नकाशा आला. त्यावर कारवंडीच्या नावापुढं तारखेच्या जागी एक आडवी रेघ होती. आप्पांनी तोही त्याच खिळ्याला अडकवला.

पुढच्या सप्टेंबरात मी मुद्दाम चार दिवसांची रजा काढून गेले. पहाटे लवकर उठले, गोणपाट काढून ठेवलं. आप्पा चहा पिऊन काठी घेऊन उठले आणि म्हणाले, ‘तू पड जरा. रोजची दगदग असती तुला.’ फार प्रेमानं म्हणाले. आणि एकटे गेले. त्या एका डोळ्यानं ते आता ओढ्यापलीकडचा दगड बघू शकत होते. नऊच्या सुमाराला परत आले, आज न्हाई म्हणाले, आणि माझ्या हातच्या पोह्यांचं कौतुक केलं.

दर वर्षी असंच. माझं लग्न झालं, आम्ही पुण्यात बाणेरच्या टेकडीजवळ फ्लॅट घेतला, आप्पा कौतुकानं येऊन राहून गेले. सगळ्या गोष्टींत ते माझा सल्ला घ्यायचे. घराची कौलं बदलू का, हौसाबाईंच्या सुनेला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सगळं. फक्त सप्टेंबरात फरशीवर जाताना त्यांनी मला कधी सोबत बोलावलं नाही. मी मागं मागं गेले असते तर नको म्हणाले नसते, हेही मला माहीत होतं. पण बोलावल्याशिवाय जायचं धाडस होत नव्हतं. मी ओसरीवर उभी राहून त्यांची पांढरी टोपी करवंदीच्या जाळीआड जाईपर्यंत बघायची. बारा वर्षं मी ते बघितलं.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात ते अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते नीट जुळलं नाही. पुण्याला यायला ते तयार होईनात, म्हणून हौसाबाईंच्या सुनेला दिवसभर त्यांच्यापाशी ठेवलं आणि मी शनिवार-रविवार जाऊन येऊन राहिले. फरशी आता त्यांना जन्मात दिसणार नव्हती. तोच त्यांचा शेवटचा सप्टेंबर ठरला.

अठरा तारखेला, शुक्रवारी, मी तापामुळं घरी होते. दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले. पाण्याची टाकी भरून वाहिली होती आणि गच्चीभर उथळ पाणी साचलं होतं. त्या पाण्याच्या कडेला तो होता. राखी पाठ, पिवळं पोट, पांढरा गळा. शेपूट वरखाली चाललेली. माझ्यापासून पाच पावलांवर, एकेक माशी टिपत.

मी तिथूनच फोन लावला. हौसाबाईंच्या सुनेनं तो आप्पांच्या कानाला धरला. मी हळू आवाजात म्हटलं, आप्पा, माझ्या गच्चीवर धोबी आलाय. आत्ता, समोर आहे.

ते एकदम सावध झाले. आवाजातलं दुखणं गेलं. गळा कसा? पोट कुठवर पिवळं? चालतो का उड्या मारतो? मी सांगत गेले आणि ते ‘व्हय, व्हय’ करत गेले. तेवढा वेळ आम्ही जणू पुन्हा त्या फरशीवरच होतो. किती वर्षांनी ते मला विचारत होते.

मग ते थांबले. आणि तितक्याच मायेनं म्हणाले, ‘तिथं कुणाला तरी दाखव बाई. मग कळीव.’

दुपारचे अडीच वाजले होते. आमच्या इमारतीत त्या वेळी कोण असणार? मी पावलांचा आवाज न करता जिना उतरले, तिसऱ्या मजल्यावरच्या ठकार काकूंची बेल वाजवली. त्यांची माझी ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरती. पक्षी बघायला चला म्हटल्यावर त्या गोंधळल्या, पण माझा चेहरा बघून तशाच आल्या. गुडघे धरत दोन मजले चढल्या. आम्ही दार ढकललं तेव्हा गच्चीवर पाणी होतं आणि दोरीवर माझे कपडे होते.

आम्ही अर्धा तास उभ्या राहिलो. का आणि कशासाठी, ते मी काकूंना थोडक्यात सांगितलं. वडील अंथरुणावर आहेत, दोन माणसांनी पाहिल्याशिवाय नोंद होत नाही, एवढंच. काकूंना फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, मग लावा फोन. मी सांगते त्यांना, पाहिला म्हणून. तुम्ही पाहिलात म्हणजे तो होताच की. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान.’

त्यांचा हात फोनसाठी पुढं आला होता.

‘नको, काकू,’ मी म्हटलं.

त्या खाली गेल्यावर मी कपडे काढले, घडी घातली आणि मग फोन केला. सांगितलं, आप्पा, उडून गेला. नाही दाखवता आला कुणाला.

पलीकडं सून भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

‘बरं,’ आप्पा म्हणाले. ‘मग नोंद न्हाई करता यायची.’

‘नाही, आप्पा.’

‘न्हाई करत.’ मग जरा दम घेऊन म्हणाले, ‘पण तुझ्या दारी आला, लई बरं झालं. पाणी ठेव जा गच्चीत.’